छोट्या संस्थेचे बिल, पावती आणि व्हाउचर : कागदाची घडी कशी बसवावी

आमच्या मोहल्ल्यात एक छोटी संस्था आहे. मुलींसाठी शिवणकेंद्र, दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग आणि रमजानमध्ये रेशन किट, एवढाच तिचा पसारा. मी शाळेतली नोकरी सांभाळून तिचे सहसचिवपद पाहते.

काही वर्षांपूर्वी वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीने शाळकरी मुलांना वाटण्यासाठी आमच्याकडून २३० कापडी पिशव्या शिवून घेतल्या. एका पिशवीचे ८० रुपये, एकूण १८,४०० रुपये. मुलींनी रात्री जागून काम वेळेत पूर्ण केले. बिल म्हणून आम्ही लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या आणि तो कागद पिशव्यांच्या गठ्ठ्याबरोबर गेटवर दिला. त्यावर क्रमांक नव्हता, तारीख नव्हती, पॅन नव्हता, बँक खातेही नव्हते. आमच्या खजिनदार चाचांनी मात्र त्याच दिवशी वहीत लिहून टाकले : "पिशव्यांचे १८,४०० जमा."

मार्च अखेरीला वही आणि बँक जुळेना. फरक बरोबर १८,४०० रुपयांचा. चाचा म्हणत राहिले, "हिशोब तो कापी में हैच, मियाँ." तोंडावर कोणी काही बोलले नाही, पण मशिदीबाहेर कुजबुज सुरू झाली. आयुष्यभर एक पैसा इकडचा तिकडे न केलेल्या त्या माणसाने आपल्या पेन्शनमधून ती रक्कम भरली आणि राजीनामा दिला. पाच महिन्यांनी कंपनीच्या अकाउंट्स विभागातून फोन आला : "मॅडम, तुमचे बिल अजून आलेले नाही. पेमेंट कशावर करायचे?"

पैसे कुठेच गेले नव्हते. ते आलेच नव्हते. आम्ही चाचांना त्यांची रक्कम परत केली, माफी मागितली. त्यांनी रक्कम घेतली, पद पुन्हा घेतले नाही.

आपल्या शहरात अशा शेकडो छोट्या संस्था आहेत. वाचनालये, मकतब, दवाखाने, बचत गटांचे महासंघ, कफन-दफन समित्या. नीयत साफ असते, कागद कच्चा असतो. त्या प्रसंगानंतर आमच्या सीएंकडून, ऑडिटरच्या शेऱ्यांतून आणि चुका करत करत जे शिकले, ते इथे एकत्र मांडते आहे.

१. तीन कागद, तीन कामे

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून हे आधी पक्के करा.

पावती : पैसे हातात किंवा खात्यात आल्यावर द्यायचा कागद. देणगी, वर्गणी, फी, बिलाचे पैसे, काहीही आले की पावती.

बिल, म्हणजेच इनव्हॉइस : पैसे येण्याआधी द्यायचा कागद. आम्ही अमुक वस्तू किंवा सेवा दिली, तिचे एवढे पैसे तुमच्याकडून येणे आहे, अशी लेखी मागणी. बिल दिले म्हणजे पैसे आले असे नाही. आमच्या चाचांची चूक नेमकी हीच होती.

व्हाउचर : पैसे संस्थेतून बाहेर जाताना करायचा कागद. कोणाला, कशासाठी, कोणाच्या मंजुरीने दिले, याचा दाखला.

देणगीचे बिल करू नये आणि विक्रीची देणगी-पावती फाडू नये. देणगीच्या बदल्यात देणाऱ्याला काही मिळत नाही, म्हणून तिच्यावर जीएसटीचा प्रश्न येत नाही. पण "हॉल पाहिजे तर पाच हजार देणगी द्या" असे सांगितले, की ती देणगी राहत नाही. ते भाडे झाले आणि त्याचे बिलच व्हायला हवे. कागदावर नाव बदलल्याने व्यवहार बदलत नाही.

२. आधी संस्थेची ओळख तपासा

बिलावर काय छापायचे हे संस्थेची नोंदणी कुठे आहे यावर ठरते. महाराष्ट्रातील बहुतेक सामाजिक संस्था १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात आणि सोबत १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली त्यांची दुसरी नोंद असते. या दुसऱ्या नोंदीचा क्रमांक सोसायट्यांसाठी "एफ" अक्षराने सुरू होतो. आपल्या विभागासाठी धर्मादाय सहआयुक्तांचे कार्यालय शहरातच आहे.

मशीद, दर्गा, कब्रस्तान किंवा त्यांना जोडलेली मिळकत वक्फ असेल तर मार्ग वेगळा. तिथे १९९५चा वक्फ कायदा लागतो आणि हिशोब राज्य वक्फ मंडळाकडे जातो. मंडळाचे मुख्य कार्यालय आपल्याच शहरात, पाणचक्की परिसरात आहे. वक्फच्या निव्वळ उत्पन्नातून मंडळाला द्यायच्या अंशदानाची कमाल मर्यादा २०२५च्या दुरुस्तीने ७ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. दुकानभाड्याची बिले आणि पावत्या नीट नसतील तर निव्वळ उत्पन्न किती, हेच मुतवल्लींना सांगता येत नाही.

एक स्थानिक बारकावा. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, पण जुन्या संस्थांच्या नोंदणी प्रमाणपत्रावर आणि क्रमांकात "औरंगाबाद" आहे. क्रमांक प्रमाणपत्रावर आहे तसाच छापा, पत्त्यात छत्रपती संभाजीनगर लिहा. पॅन, बँक आणि बिल या तिन्हीवर संस्थेच्या नावाचे स्पेलिंग मात्र एकच असू द्या. "एज्युकेशन" आणि "एज्युकेशनल" एवढ्या फरकावरूनही पेमेंट अडकते.

आणि बँक खाते संस्थेच्याच नावाने हवे, दोन सह्यांचे. क्यूआर कोडही संस्थेच्या खात्याचा. सचिवांच्या किंवा खजिनदारांच्या खासगी मोबाइल नंबरवर चंदा घेणे आजच थांबवा. माणूस कितीही प्रामाणिक असो, त्याच्या खात्यात आलेले संस्थेचे पैसे त्याचे स्वतःचे नाहीत हे उद्या त्यालाच सिद्ध करत बसावे लागते.

३. कोण काय करणार : एक ठराव

कार्यकारिणीच्या बैठकीत एक साधा ठराव करून इतिवृत्तात लिहा. बिल कोण करणार, पैसे कोण घेणार, वही कोण लिहिणार आणि तपासणार कोण.

चारही कामे एकाच माणसाकडे नसावीत. आमच्याकडे माणसे तीनच. म्हणून मी बिल करते, खजिनदार पैसे घेतात आणि वही लिहितात, आणि तिसऱ्या सभासद आपा महिन्यातून एकदा बिलांची फाइल, वही आणि बँक पासबुक समोरासमोर ठेवून टिक करतात. त्यांनी कॉमर्स शिकलेले नाही. पण आकडा आकड्याशी जुळतो का, एवढे त्या चष्मा लावून नीट पाहतात, आणि तेवढे पुरते.

याला कोणी अविश्वास समजू नये. सूरह बकराची २८२वी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत, आणि ती आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, लिहिणाऱ्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल. लिहून ठेवण्यात कोणाचा अपमान नाही. उलट, अमानत सांभाळणाऱ्याच्या इज्जतीची ती ढाल आहे.

४. बिल कसे असावे

बिलावर या गोष्टी हव्यातच :

• संस्थेचे पूर्ण नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक आणि पॅन
• "बिल" हा शब्द ठळक, बिल क्रमांक आणि तारीख
• ज्याला बिल द्यायचे त्याचे नाव व पत्ता, आणि त्यांच्या ऑर्डरचा किंवा पत्राचा क्रमांक
• कामाचा तपशील : नग, दर, रक्कम
• एकूण रक्कम अंकात आणि अक्षरात
• पैसे कधीपर्यंत द्यायचे ती तारीख
• खात्याचे नाव, बँक, शाखा, खाते क्रमांक, आयएफएससी
• अधिकृत सही आणि शिक्का

क्रमांक हा बिलाचा प्राण. दर आर्थिक वर्षी १ एप्रिलला क्रमांक १ पासून सुरू करा आणि सलग चालवा. आमचा क्रमांक असा असतो : शिव/२५-२६/००७. म्हणजे शिवणकेंद्राचे त्या वर्षीचे सातवे बिल. हॉलचे भाडे असेल तर "हॉल" अशी वेगळी मालिका. मध्ये एकही क्रमांक गाळायचा नाही. चुकले तर बिल फाडू नका. सर्व प्रतींवर तिरपी रेघ मारून "रद्द" लिहा, सही करा आणि फाइलमध्येच ठेवा. गायब क्रमांक दिसला की ऑडिटर पहिला प्रश्न त्यावरच विचारतात.

प्रती तीन करा. एक ग्राहकाला, एक फाइलला, आणि एक पोच म्हणून. पोच प्रतीवर ज्याने बिल स्वीकारले त्याची सही, नाव व तारीख घ्या. ईमेलने पाठवले तर तो ईमेल छापून फाइलला लावा. गेटवर वॉचमनकडे देऊन यायचे नाही, हे आम्ही १८,४०० रुपयांची शिकवणी लावून शिकलो.

माल परत आला तर? समजा २३० पैकी १० पिशव्यांची शिलाई उसवली आणि त्या परत आल्या. मूळ बिलात खाडाखोड नको. ८०० रुपयांची क्रेडिट नोट करा, तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक लिहा. येणे रक्कम १७,६०० झाली.

कापड-धागा आपणच आणणार असाल तर निम्मी रक्कम आगाऊ मागायला लाजू नका. आगाऊ रकमेची पावती द्या आणि शेवटच्या बिलात ती वजा दाखवा.

५. जीएसटी : घाबरू नका, पण गृहीतही धरू नका

नोंदणीची मर्यादा वर्षाच्या एकूण उलाढालीवर ठरते. आपल्या राज्यात सेवा देणाऱ्यांसाठी ती २० लाख रुपये, फक्त माल विकणाऱ्यांसाठी साधारणपणे ४० लाख. बहुतेक मोहल्ला संस्था याच्या खूप खाली असतात. तरीही "आपण संस्था आहोत, आपल्याला जीएसटी नाही" हे वाक्य चुकीचे आहे. करमाफी संस्थेला नसते, ठराविक कामांना असते. मान्यताप्राप्त शाळेची विद्यार्थ्यांकडून घेतलेली फी माफ आहे. आयकराच्या १२-एबीखाली नोंदलेल्या संस्थेची आरोग्यसेवेसारखी काही धर्मादाय कामे माफ आहेत. पण पिशव्यांची विक्री किंवा साधा ट्यूशन क्लास आपोआप माफ होत नाही.

धार्मिक स्थळाच्या आवारातील जागेसाठी, संस्था आयकराखाली नोंदलेली असेल तर, वेगळे निकष आहेत. खोलीचे भाडे दिवसाला १,००० रुपयांपेक्षा कमी, हॉलचे किंवा मोकळ्या जागेचे दिवसाला १०,००० पेक्षा कमी, आणि दुकानाचे महिन्याला १०,००० पेक्षा कमी असेल तर जीएसटी नाही. शादीखान्याचे दर ठरवताना हे आकडे समोर ठेवा.

नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही. त्याऐवजी एक ओळ छापा : "संस्था जीएसटीखाली नोंदणीकृत नाही." नोंदणी असेल तर बिल क्रमांक १६ अक्षर-अंकांच्या आत हवा आणि करमाफ कामासाठी "बिल ऑफ सप्लाय" द्यावे लागते.

आयकराची एक बाजूही लक्षात असू द्या. संस्था विक्रीतून उत्पन्न मिळवत असेल तर त्या कामाचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. म्हणून शिवणकेंद्राची वही आणि देणग्यांची वही वेगळी.

६. बिल दिल्यानंतर : येणे वही

बिल पाठवून काम संपत नाही. एक साधी वही आखा. रकाने असे : बिल क्रमांक, तारीख, कोणाला, रक्कम, पोच मिळाली का, देय तारीख, पैसे मिळाल्याची तारीख, मिळालेली रक्कम, फरक.

शेवटचे तीन रकाने बँकेत पैसे दिसल्याशिवाय भरायचे नाहीत.

देय तारीख उलटली की आठव्या दिवशी फोन, पंधराव्या दिवशी ईमेल किंवा पत्र, तिसाव्या दिवशी समक्ष भेट. भाषा नम्र ठेवा, पण बिल क्रमांक आणि तारीख सांगून बोला. "आमचे काही पैसे राहिलेत वाटतं" असे म्हणणाऱ्याला कोणी गांभीर्याने घेत नाही.

रक्कम कमी आली तर घाबरू नका, आधी टीडीएस पाहा. कंपनीने कापड दिले आणि आपण फक्त शिलाईचे काम केले, बिल ४०,००० रुपयांचे, तर कंपनी २ टक्के, म्हणजे ८०० रुपये कापून ३९,२०० पाठवेल. कंत्राटी कामाच्या एका बिलात ३०,००० पेक्षा जास्त किंवा वर्षात एक लाखापेक्षा जास्त रक्कम झाली की ही कपात होते. ते ८०० रुपये बुडालेले नाहीत. ते संस्थेच्या पॅनवर सरकारकडे जमा असतात. बिलावर पॅन दिला नसेल तर मात्र कपात थेट २० टक्क्यांवर जाते.

७. देणगीची पावती : कोणत्या खात्याची?

आपल्या संस्थांत ही बाब सर्वांत नाजूक. पावतीवर रकाने छापून घ्या : जकात, फितरा, सदका, लिल्लाह, सभासद वर्गणी, विशेष काम. देणाऱ्याला विचारून त्याच्यासमोर खूण करा. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. तेव्हा जकातीचे पैसे वीजबिलात किंवा बांधकामात गेले तर हिशोबाबरोबर देणाऱ्याचा फर्जही अडचणीत येतो. शंका असेल तिथे आपल्या उलेमांना विचारून तो निर्णय इतिवृत्तात लिहा. जकातीसाठी वेगळे बँक खाते सर्वांत चांगले. ते जमत नसेल तर वहीत वेगळे पान तरी हवेच, आणि त्या पानाची शिल्लक दर महिन्याला काढा.

पावतीवर देणाऱ्याचे नाव, पत्ता, मोबाइल, रक्कम, रोख की ऑनलाइन, ऑनलाइन असेल तर व्यवहार क्रमांक, आणि घेणाऱ्याची सही. आता कायद्याचे काही आकडे :

• ८०-जीची सवलत हवी असेल तर देणगीदाराची रोख देणगी २,००० रुपयांपर्यंतच चालते. त्यावरची रक्कम चेकने किंवा ऑनलाइन घ्या.
• ८०-जी असलेल्या संस्थेला वर्षभराच्या देणग्यांचे विवरण, म्हणजे १०-बीडी, पुढच्या ३१ मेपर्यंत भरावे लागते आणि देणगीदाराला १०-बीई प्रमाणपत्र द्यावे लागते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. म्हणून पावतीवर पॅन त्याच वेळी घ्या, मे महिन्यात दारोदार फिरू नका.
• एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही.
• नाव-पत्ता नसलेल्या देणग्या, म्हणजे गल्ल्यातला चंदा, एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतील जी रक्कम मोठी तिच्यापेक्षा जास्त झाल्या तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. निव्वळ धार्मिक संस्थांना यातून सूट आहे, शैक्षणिक-सामाजिक संस्थांना नाही.

८०-जीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. संस्थेच्या घटनेत "फक्त अमुक धर्माच्या लोकांसाठी" असे उद्दिष्ट लिहिले असेल तर ८०-जी मिळत नाही, आणि धर्मादाय संस्था म्हणून करमाफीलाही अडथळा येतो. अभ्यासवर्ग आणि शिवणकेंद्र सर्वांसाठी खुले ठेवा आणि तसे घटनेत लिहा. आमच्या वर्गात शेजारच्या गल्लीतल्या सर्व घरांतली मुले बसतात, त्यामुळे आम्हाला यात काही बदलावे लागले नाही.

आखातातल्या नातेवाइकांचा प्रश्न घरोघरी येतो. दुबईत किंवा जेद्दाहत काम करणारा भाऊ भारतीय पासपोर्टधारक असेल आणि आपल्या कमाईतून बँकेमार्फत देणगी पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत पावतीला जोडून ठेवा. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, त्याची देणगी २०१०च्या विदेशी योगदान कायद्याखाली येते. त्या नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. नोंदणी असलेल्यांनाही असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावे लागतात.

८. पावती पुस्तकांची शिस्त

रमजानमध्ये पाच तरुण पाच पुस्तके घेऊन निघतात आणि ईदनंतर चार परत येतात. पाचव्याचे काय झाले हे कोणालाच आठवत नाही. यावर उपाय सोपा आहे.

छापखान्यातून पुस्तके येताच त्यांची नोंद करा : पुस्तक क्रमांक, पावती क्रमांक कुठून कुठपर्यंत. पुस्तक देताना घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या. परत घेताना वापरलेल्या पावत्या, कोऱ्या पावत्या आणि जमा रक्कम लिहा. आधीचे पुस्तक आणि पैसे जमा केल्याशिवाय दुसरे पुस्तक नाही, मग तो सदरसाहेबांचा मुलगा का असेना. गोळा केलेली रोख दोन दिवसांत बँकेत भरा. त्यातून परस्पर खर्च करायचा नाही. आधी पूर्ण जमा, मग खर्च.

पुस्तक हरवले तर लपवू नका. कार्यकारिणीला लेखी कळवा, पोलिसांत तक्रार द्या आणि ते क्रमांक रद्द झाल्याचे मोहल्ल्याच्या ग्रुपवर आणि नोटीस बोर्डावर जाहीर करा.

९. खर्चाचे व्हाउचर आणि आलेली बिले

जसे आपण बिल देतो, तसे आपल्यालाही दुकानदार बिल देतो. ते आले की तीन गोष्टी तपासा. माल आला का, दर ठरल्याप्रमाणे आहे का, बिल संस्थेच्या नावावर आहे का. सचिवांच्या नावावरचे बिल संस्थेच्या खर्चात धरू नका. मग व्हाउचर करा, बिल मागे जोडा, मंजुरीची सही घ्या आणि त्यानंतरच पैसे द्या. दिल्यावर बिलावर "अदा केले" शिक्का मारा, म्हणजे तेच बिल दोनदा निघणार नाही.

मोठ्या खरेदीआधी तीन दुकानांची दरपत्रके घ्या. रेशन किटचे सामान घेताना आम्ही हे नियमाने करतो. एकाच व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च धरला जात नाही, तेव्हा मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइनच.

रिक्षा, चहा, झेरॉक्स अशा किरकोळ खर्चासाठी एक ठराविक रक्कम वेगळी ठेवा. आमच्याकडे ती २,००० रुपये आहे. बिल मिळत नसेल तिथे व्हाउचरवर कारण लिहून पैसे घेणाऱ्याची सही घ्या. मानधन ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर घेणाऱ्याने एक रुपयाच्या रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करावी.

१०. आठवडा, महिना, वर्ष

दर आठवड्याला : रोकडवही लिहून काढा आणि हातातली रोख मोजून शिल्लक जुळवा.

दर महिन्याला : बँक स्टेटमेंट आणि वही यांचा ताळमेळ घ्या, येणे वहीतील थकीत बिलांची यादी करा, जकात खात्याची शिल्लक काढा. हे तीन कागद कार्यकारिणीसमोर ठेवा. दहा मिनिटांचे काम आहे.

दर वर्षी : ३१ मार्चला हिशोब बंद करा. १९५०च्या कायद्यानुसार सार्वजनिक न्यासाला नियमित हिशोब ठेवून ऑडिट करून घ्यावे लागते. ताळेबंद परिशिष्ट आठच्या आणि उत्पन्न-खर्च पत्रक परिशिष्ट नऊच्या नमुन्यात असते. ऑडिट सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर अखेर व्हायला हवे. दिलेले पण न मिळालेले बिल ३१ मार्चला "येणे" म्हणून दिसले पाहिजे, "जमा" म्हणून नाही.

कागद किती वर्षे ठेवायचे? आयकराच्या नियमावलीत २०२२ साली आलेल्या १७-एए नियमाने करपात्र मर्यादेवरच्या संस्थांसाठी ही मुदत संबंधित कर निर्धारण वर्षाच्या शेवटापासून दहा वर्षे ठेवली. क्रमांकित बिलांच्या प्रती, पावत्यांची स्थळप्रत आणि खर्चाची मूळ बिले या तिन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. लहान संस्थेनेही तेवढीच मुदत पाळावी. आयकराचा नवा २०२५चा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यात कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात, म्हणून काहीही भरताना चालू क्रमांक आपल्या सीएंना विचारून घ्या.

संगणक असलाच पाहिजे असे नाही. वर्षाला पन्नास बिले असतील तर छापील बिलबुक आणि तीन वह्या पुरतात. एक्सेल वापरत असाल तर दर महिन्याला प्रिंट काढून सही करून ठेवा, कारण फाइल कोणाच्या तरी लॅपटॉपवर असते आणि तो माणूस नोकरीसाठी पुण्याला जातो.

सुरुवात कुठून करावी?

सगळे एकदम होणार नाही. या महिन्यात फक्त चार गोष्टी करा. क्रमांकित बिलबुक छापून घ्या. येणे वही आखा. पावती पुस्तकांची नोंदवही सुरू करा. आणि खासगी क्यूआर कोड काढून संस्थेचा लावा. उरलेले पुढच्या तीन महिन्यांत होईल, इन्शाअल्लाह.

आमच्या संस्थेत आज नवीन खजिनदार आहेत, तरुण आहेत, हिशोब मोबाइलवर ठेवतात. पण बिलाची फाइल आणि येणे वही कागदावरच आहे. मागच्या मार्चमध्ये वही आणि बँक जुळली तेव्हा ऑडिटच्या आधी आम्ही ते कागद घेऊन चाचांच्या घरी गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून एकेक बिल पाहिले, येणे वहीतला शेवटचा रकाना बोटाने तपासला आणि म्हणाले, "यही एक कॉलम उस वक़्त होता तो…" पुढे ते काही बोलले नाहीत. चहा आला, आम्ही दुसऱ्या विषयावर गेलो.

तो रकाना आखायला एक पट्टी आणि एक पेन लागतो. आपल्या संस्थेच्या वहीत तो आहे का, आज घरी गेल्यावर पाहा.